बदाम भरलेले खजूर

१

वाडगं गेलं आणि चांदी राहिली. चोराची अक्कल कुठे चरायला गेली होती, हा माझ्या मनात आलेला पहिला विचार. दुसरा विचार चहाचा. सकाळचा चहा अजून आला नव्हता, आणि तो आणणारा माणूस रिकाम्या हातांनी माझ्या दारात उभा होता.

"पाशा, त्या सरकारी पेटीचं झाकण हलतंय," अम्म सिराज म्हणाला. "मी हात लावलेला नाही. तुम्ही बघा."

अम्म म्हणजे काका. सिराज आमच्या बोटीचा वाढपी. माझ्या बापाच्या वयाचा. मी पर्यटक पोलिसातला फौजदार, नूरी शिलाली. प्रत्येक बोटीवर एक पोलीस हवा असा नियम आहे म्हणून मी बोटीवर असतो. अस्वानहून अबू सिंबेलला जायचं, परत यायचं, पुन्हा जायचं. वाटेत प्रवासी देवळं बघतात, आणि मी प्रवाशांना देवळं बघताना बघतो. गुडघे गेले, झोप गेली. बायको म्हणते माणूसपणही गेलं.

पेटी कापडखोलीत होती. चादरी, टॉवेल, जेवणघराचे सुऱ्या-काटे आणि सिराजची झोपायची फळी, असं सगळं त्या एका खोलीत असतं. त्यात पुरातत्त्व खात्याने ही लाकडी पेटी आणून टाकली. देवळाच्या गाभाऱ्यात ऊन पोचतं त्या सूर्याच्या सोहळ्याला अबू सिंबेलमध्ये नवं दालन उघडणार होतं, त्यासाठी अस्वानच्या कोठारातून निघालेला माल. ट्रकने नेला असता तर सकाळी निघून दुपारी पोचला असता. पण 'नुबियाचा वारसा पाण्यावरून घरी परतला' असा फोटो वर्तमानपत्रात यायला हवा होता. म्हणून बोट.

कुलूप जागच्या जागी होतं. मागच्या बिजागऱ्यांचे स्क्रू मात्र काढलेले. सुऱ्यांच्या टोपलीत एक सुरी टोक वाकलेली. पेटीत तीन खण होते, तिन्हीत गवत भरलेलं. एकात चांदीचे पैंजण, दुसऱ्यात हस्तिदंती फणी. तिसऱ्या खणात गवतावर सात खजूर ओळीने मांडलेले, आणि पेटीमागच्या सांदीत काचेच्या पेल्यात पाणी.

मालाबरोबर आलेली खात्याची डॉक्टरेट झालेली बाई, दक्तूरा इनास, धावत आली आणि दाराची चौकट धरून उभी राहिली.

"वाडगं," ती म्हणाली. "मातीचं वाडगं. माझ्या सहीवर आलंय ते!"

तिच्यामागे वगीह. वगीह आमचा गाइड, कैरोचा. गळ्यात रुमाल, तोंडात पाच भाषा. त्याने खजूर पाहिले, पाणी पाहिलं आणि एरवी कधी बंद न होणारं त्याचं तोंड बंद झालं. मला ते तेव्हाच खटकायला हवं होतं.

मी रईसच्या, म्हणजे कप्तानाच्या, खोलीत जाऊन वायरलेसवर अबू सिंबेलला माझ्या वरिष्ठांना, कर्नलसाहेबांना कळवलं. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. खोली कुणाची? आणि माणूस कुठला?

"नुबी आहे," मी म्हटलं.

"मग झालं की. ते वाडगं त्यांच्याच कुठल्या तरी थडग्यातलं आहे, दक्तूराने मला आधी सांगितलंय. पितरांच्या भानगडीत पाण्यात टाकलं असणार. बेड्या घाल. धक्क्यावर सरकारी वकिलाची गाडी उभी असेल, चार वाजता त्याला त्यांच्या हवाली कर. मंत्री यायच्या आत मला हे संपलेलं हवंय."

"साहेब, तो एकोणसत्तर वर्षांचा आहे. पुरातन मालाची चोरी म्हणजे जन्मठेपसुद्धा होऊ शकते."

"मग फार दिवस भोगावी लागणार नाही," ते म्हणाले आणि वायरलेस बंद झाला.

मीही नुबी आहे, हे त्यांच्या लक्षात नसावं. किंवा असावं.

२

मी सिराजचा डावा हात फळीच्या लोखंडी दांड्याला अडकवला. उजवा मोकळा ठेवला. त्याने उजव्या हाताने टॉवेल ओढला आणि घडी घालायला लागला. प्रवासी बाहेर गेले की प्रत्येक केबिनमध्ये पलंगावर टॉवेलचा एखादा प्राणी करून ठेवायचा, ही आमच्या बोटींची रीत. गोऱ्यांना फार आवडतं.

"राहू दे ना आता ते," मी म्हटलं.

"का? दुपारी ते किल्ला बघायला वर गच्चीत जातील. खोल्या उघड्याबोडक्या ठेवू? एका हाताने मगर होते, पाशा. हंसाला दोन हात लागतात."

"अम्म, मला पाशा म्हणू नकोस. तू माझ्या लग्नात नाचला होतास."

"तेव्हा तुझ्या कमरेला बेड्या नव्हत्या."

मी त्याच्या शेजारी फळीवर टेकलो. मग खिशातून खजूर काढून त्याच्यापुढे धरले.

"हे तू ठेवलेस?"

त्याने एक उचलला, दाबला, नाकाशी नेला. आणि हसला. इतका हसला की बेडी खणखणली.

"यात बिया कुठायत? आत बदाम भरलाय बदाम! हे वरच्या चहाच्या टेबलावरचे. नूरी, माझी आजी मेली तेव्हा तिच्या तोंडात एक दात नव्हता. तिला मी बदाम खायला घालू?"

"वाडग्यात खजूर ठेवतात असं..."

"कोण ठेवतं? तुझ्या आईने ठेवले कधी? ईदला बायका जायच्या कबरीवर. उशाच्या वाडग्यात पाणी ओतायचं, मूठभर धान्य टाकायचं, रडायचं, घरी यायचं. पुरुषांनी त्या वाडग्याला हात लावला तर बायका हातातला लोटा फेकून मारायच्या. आणि आता वाडगं तरी कुठलं? नव्या गावात तामचिनीच्या ताटल्या ठेवतात. मातीच्या ठेवल्या तर शेळ्या फोडतात."

हे मलाही माहीत होतं. प्रत्येक नुबी माणसाला माहीत आहे. धरण झालं तेव्हा आमची गावं, खजुरीची बनं, कबरी सगळं तळ्याखाली गेलं. देवळं वाचवायला जग धावलं. एकेक दगड कापला, त्यावर आकडे घातले, डोंगरावर नेऊन पुन्हा जोडला. माणसांवर आकडे घातले नाहीत. आगगाडीत कोंबली आणि वाळूत ओतली. वाटेत तान्ही मुलं मेली. त्यांचा फोटो कुठल्याच दालनात नाही.

"कुठल्या गावचं होतं ते वाडगं?" सिराजने विचारलं.

"पेटीवर लिहिलंय. कुर्तेह."

त्याचा हात टॉवेलवर थांबला. कुर्तेह त्याचं गाव. म्हणजे कर्नलसाहेबांच्या हातात आयताच पुरावा.

"हे कुणाला माहीत आहे?" मी विचारलं.

"बोटीवर सगळ्यांना. मला गावाचं नाव विचारलं की मी सांगतो. लपवायचं काय त्यात? बुडालेलं गाव कुणी चोरून नेणार आहे?"

मी उठलो. एक गोष्ट मला कळली होती. हे आपल्यातल्या कुणाचं काम नाही. नुबी लोकांना आपण ओळखतो असं समजणाऱ्या कुणाचं तरी आहे.

मी दारात पोचलो तशी सिराजने मागून हाक मारली. "नूरी, वर जातोयस तर रईसला विचार, काल दुपारी भर पाण्यात इंजिन का बंद केलं. कर्नलने विचारायच्या आधी तू विचारलेलं बरं."

३

रईस अब्दून सुकाणूवर होता. माणूस बुटका, पण मान अशी की तळं त्याच्या बापाचं आहे.

"पंख्यात शेवाळ अडकलं होतं," तो म्हणाला.

"मधल्या पाण्यात शेवाळ?"

"मग मासा अडकला होता."

"रईस, खाली सिराजला बेड्या आहेत. वाडगं पाण्यात टाकलं असं म्हणतायत. तू बोट थांबवलीस आणि त्याने टाकलं, असंही उद्या म्हणतील. मग तू आणि तो एकाच गाडीत."

त्याने सुकाणू थोडं वळवलं.

"खाली माझी आई आहे," शेवटी म्हणाला. "तिथं इंजिन चालवत वरून जात नाही मी. इतकी वर्षं नाही गेलो. तिच्यासाठी फातिहा म्हणतो आणि चालू करतो. मालकाला सांगितलं तर तेलाचे पैसे कापेल, म्हणून शेवाळ. लिही काय लिहायचं ते."

"नाही लिहीत."

"आणि ऐक. आईला द्यायचं असतं तर मी माझ्या घरून नेलं असतं. सरकारच्या पेटीतलं चोरलेलं वाडगं दिलं असतं तर ती पाण्यातून वर येऊन थोबाडीत मारून गेली असती."

मी खाली आलो आणि दक्तूरा इनासच्या दारावर टकटक केली. कपाळाला ओला रुमाल बांधून ती पलंगावर बसली होती. चाळिशीची, दमलेली. खात्यातली माणसं दोन प्रकारची असतात, फुगलेली आणि दमलेली. ही दमलेली होती म्हणून मला तिच्याबद्दल थोडा आपलेपणा वाटला. चूक होती ती.

"काल कुठे होतात, दक्तूरा?"

"इथेच. दुपारी डोकं चढलं ते अजून उतरलेलं नाही. सकाळी आरडाओरडा ऐकेपर्यंत दाराबाहेर पाऊलही टाकलं नाही."

"जेवण?"

"नको वाटलं."

"पेटीची किल्ली?"

तिने गळ्यातली साखळी दाखवली. "किल्ली असून काय उपयोग? बिजागऱ्याच काढल्या. फौजदार, मला त्या म्हाताऱ्याची दया येते हो. आपल्या गावच्या कबरीतलं वाडगं समोर दिसलं, भावना अनावर झाल्या असतील. मी तसं कोर्टात सांगेन. शिक्षा कमी होईल."

"समोर कसं दिसलं? पेटी तर बंद होती."

तिने कपाळावरचा रुमाल नीट केला. "पेटीवर नाव आहे ना गावाचं. सगळी देवळं वाचली, यांच्या कबरी मात्र गेल्या. हे दुःख मला समजतं. मी त्यावर प्रबंध लिहिलाय, रोममध्ये असताना."

आमच्या दुःखावर लोक प्रबंध लिहितात. आणि मग त्यांना नोकरी लागते.

मी निघालो. निघताना खुर्चीकडे नजर गेली. तिथे टॉवेलचा हंस होता. पलंगावरून उचलून बाजूला ठेवलेला, मान अजून ताठ.

४

वगीह गच्चीच्या कोपऱ्यात सिगारेट ओढत होता. मला बघून त्याने पाकीट पुढे केलं. म्हणजे घाबरला होता.

"वगीह, खजुरांचं काय?"

"मला काय माहीत? तुम्हा लोकांची रीत."

"मी 'तुम्हा लोकांतला' आहे. अशी रीत नाही. सकाळी पेटी बघून तुझी वाचा का बसली?"

त्याने सिगारेट पाण्यात फेकली. "अरे बाबा, पोट आहे माझं. रोज तेच रामसेस, तेच चार पुतळे. दर फेरीला काहीतरी नवं घालावं लागतं. मागच्या फेरीत मी सांगितलं की नुबी नवरी वाडग्यात मेंदी भिजवून नदीला देते. एक जर्मन बाई रडली. ही फेरी इटालियनांची. काल संध्याकाळी गच्चीत चहा चालला होता, मी कबरीवरच्या वाडग्यांचं सांगत होतो. पाणी ठेवतात म्हटलं, कुणी हललं नाही. हातात खजूर होता. म्हटलं, आणि सात खजूर, सात पिढ्यांसाठी. सगळ्यांनी माना डोलावल्या. संपलं."

"म्हणजे ही रीत कालच्या चहाला जन्मली."

"हातात बिस्कीट असतं तर बिस्किटाची रीत झाली असती."

"लाज नाही वाटत?"

"वाटते. पण महिन्याच्या शेवटी उतरते." मग हळूच म्हणाला, "नूरीभाई, सकाळी मी ते खजूर बघितले तेव्हा मला वाटलं, माझी थाप उठून चालायला लागली."

मला त्याला मारावंसं वाटलं. पण त्याच्या थापेने सिराजची मान अडकवली होती तशी सोडवायचा दोराही तिनेच दिला होता. थाप इटालियन भाषेत मारली होती. सिराजला इटालियन येतं ते 'ग्रात्सिए', म्हणजे आभार, एवढंच. रईसला तेवढंही नाही. ज्याने खजूर ठेवले त्याने कालची थाप ऐकली होती, त्याला ती समजली होती आणि खरी वाटली होती. वगीहला समजली होती, पण थाप त्याचीच. नुबी लोक असं करत नाहीत हे त्याला पक्कं ठाऊक. नुबी माणसाला अडकवायला तो असला नकली पुरावा कशाला ठेवेल?

मग उरले गच्चीतले इटालियन. त्यातला एकच जुन्या वस्तूंचा जाणकार. सिन्योर फोस्काती. मिलानला त्याचं जुन्या सामानाचं दुकान होतं, आणि अस्वानहून निघाल्यापासून तो त्या पेटीभोवती घुटमळत होता. मी त्याच्या केबिनचं दार वाजवलं. वगीहला दुभाषा म्हणून बरोबर घेतलं.

फोस्कातीने बॅगा आपणहून उघडल्या. औषधं, सदरे, आणखी औषधं.

"त्याला विचार, वाडगं विकत घ्यायचं होतं का," मी म्हटलं.

फोस्काती हसला आणि भराभर बोलला. वगीहने सांगितलं, "म्हणतोय, मातीच्या वाडग्याला कोण विचारतो? चोरायचंच असतं तर पैंजण उचलले असते, मी काय मूर्ख आहे?"

"काल चहाच्या वेळी कुठे बसला होता?"

वगीहने विचारलं, उत्तर ऐकलं आणि त्याचा चेहरा बदलला. पुन्हा विचारलं. फोस्कातीने दोन्ही हातांनी बशी सरकवल्याची खूण केली, मग कागदात काहीतरी गुंडाळल्याची.

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय, मला मधुमेह आहे. माझ्या बशीतले खजूर मी शेजारणीला दिले. तिने कागदी रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवले." वगीहने ओठांवरून जीभ फिरवली. "शेजारीण फार छान इटालियन बोलत होती म्हणतो. दोत्तोरेसा. म्हणजे दक्तूरा."

५

मी पुन्हा कापडखोलीत गेलो. सिराजने एका हाताने नऊ मगरी केल्या होत्या. फळीवर ओळीने बसलेल्या. जणू साक्षीदार.

"अम्म, काल दक्तूराच्या खोलीत हंस कधी ठेवलास?"

"सगळ्यांबरोबरच. वर चहा चालू असताना."

"ती आत होती?"

"बाई आत असताना मी आत जाईन? इतक्या वर्षांत एवढा वेडा नाही झालो. हाक मारली, दार वाजवलं, कुणी नाही. तेव्हा गेलो."

"आणि तू खोल्यांमधून फिरत होतास तेव्हा ही खोली?"

"उघडी. कुलूप लावलं तर टॉवेल हवा म्हणून लोक माझ्या नावाने शंख करतात."

पेटीपर्यंत कोण कधी पोचलं ते कळलं होतं. पण वाडगं? बोट माझी सकाळीच उलटीपालटी करून झाली होती. दक्तूराच्या केबिनमध्ये कपाट होतं ते दोन झगेही मावणार नाहीत एवढं. पाण्यात टाकलं? अबू सिंबेलला कौतुकाने घेऊन निघालेली वस्तू तीच पाण्यात कशाला टाकेल?

मी पेटीसमोर जमिनीवर बसलो. गुडघे बोलले. उठायचा कंटाळा आला म्हणून मी पेटीत बघत राहिलो. खरं सांगतो, हुशारीने नाही, कंटाळ्याने सापडलं.

पैंजण उचलले. खालचं गवत दबून मोडलेलं, पैंजणांचा आकार उमटलेला. कोंबडी उठून गेल्यावर खुराड्यात दिसतो तसा. फणी उचलली. फणी हलकी, तरी तिचाही ठसा. दोन दिवस इंजिनाच्या थरथरीत वस्तू गवतात बसत जाते.

तिसऱ्या खणात मी हात घातला. पार तळापर्यंत. एक काडी मोडलेली नव्हती. सुगीच्या दिवशी भरावं तसं फुललेलं गवत. या गवतावर वाडगं कधी बसलंच नव्हतं.

मी किती वेळ तसाच बसलो कुणास ठाऊक. सिराजने विचारलं, "काय रे? मेलास की काय?"

"अम्म, तुझ्यावर जे चोरल्याचा आळ आहे, ते बोटीवर चढलंच नव्हतं."

बाहेर भोंगा वाजला. अबू सिंबेलचे चार पुतळे दिसायला लागले की रईस भोंगा वाजवतो. धक्का जवळ आला होता.

६

सगळे प्रवासी उजव्या कठड्याला गर्दी करून ओरडत होते. बोट तिकडे कलली होती. दक्तूरा डाव्या बाजूला एकटी उभी होती. मी शेजारी जाऊन हातातला टॉवेलचा हंस कठड्यावर ठेवला.

"हा तुमच्या खुर्चीवर होता. खोली रिकामी असल्याशिवाय सिराज हंस ठेवत नाही."

तिने मान पाण्याकडे वळवली.

"फोस्कातीचे खजूर तुम्ही घेतलेत. रोममध्ये आमच्यावर प्रबंध लिहिलात आणि वगीहची थाप खरी मानलीत. आणि तिसऱ्या खणातलं गवत मोडलेलं नाही. पेटी कुणी भरली, दक्तूरा?"

तिने हंसाची मान हातात धरली. "मी," ती म्हणाली. "वाडगं नव्हतंच. मी कोठाराचा ताबा घेतला त्याच्या आधीच गेलं होतं ते."

"न बघता ताबा घेतलात?"

"तुम्ही सरकारी माणूस, फौजदार, आणि असं विचारता? कोण बघतं? आधीचा अधिकारी समोर चहा पीत बसलेला असतो. पेट्या उघडायच्या म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणायचं. त्याने त्याच्या आधीच्याला नाही म्हटलं, मी त्याला नाही म्हटलं. सही केली. सही केली की सगळं माझ्या गळ्यात." ती रडत नव्हती. रडायची ताकद संपलेली होती. "दालनाची यादी आली तेव्हा पेटी उघडली, तर आत नुसतं गवत. जुन्या साहेबांकडे गेले. म्हणाले, हां, ते होय, एका पाहुण्यांना भेट दिलं होतं. मातीचंच तर होतं. तुम्ही हुशार आहात, काहीतरी करा."

"आणि तुम्ही सिराज केलात."

"मला वाटलं, म्हातारा आहे. नुबी आहे. भावनेच्या भरात केलं म्हणतील, सोडून देतील."

"त्याला जन्मठेपसुद्धा होऊ शकते."

"मला मुलगी आहे, फौजदार."

"त्याला तीन आहेत. एकीचंही लग्न झालेलं नाही."

बोट धक्क्याला लागली. खाली काळी गाडी उभी होती. कर्नलसाहेब स्वतः आले होते, चष्मा पुसत.

"तुम्ही गप्प राहिलात तर कुणाला कळणार नाही," ती म्हणाली.

"मला कळलंय ना. मी फार दमलोय, दक्तूरा. तुमचं ओझं उचलून मला परत अस्वानला जाता येणार नाही. तुम्ही स्वतः उतरून सांगितलंत तर त्याला चूक म्हणतील. मी सांगितलं तर कट म्हणतील. फळी टाकेपर्यंत ठरवा."

फळी पडली. ती उतरली. मी मागे. कर्नलसाहेबांनी माझ्याकडे बघून विचारलं, "आरोपी कुठाय?" आणि ती मध्ये उभी राहून म्हणाली, "बोटीवर चोरी झालेली नाही. पेटी मी रिकामी आणली." मग तिने जुन्या साहेबांचं नाव घेतलं. मोठ्याने, दोनदा. सरकारी वकिलाने दुसऱ्यांदा ते लिहून घेतलं की नाही, मला दिसलं नाही. तेच साहेब वर मांडवात पहिल्या रांगेत, हार घालून बसले होते. त्या संध्याकाळीही, आणि नंतरही.

मी बोटीवर जाऊन बेडी काढली. सिराजने मनगट चोळलं.

"म्हणजे ते वाडगं कुणाच्या तरी दिवाणखान्यात आहे," तो म्हणाला.

"असेल."

"त्यात काय ठेवत असतील?"

"काय माहीत. चाव्या. सिगारेटची राख."

त्याने मगर बाजूला ठेवली. दोन हातांनी टॉवेल घेतला आणि हंस करायला बसला. पुराव्याचे खजूर माझ्या खिशात होते. त्याने हात पुढे केला, मी दिले. त्याने सगळे खाल्ले. बदाम तेवढे काढून मला परत दिले, कारण आता त्यालाही दात नाहीत.

दक्तूराला दोन वर्षांची कैद झाली. माझी बदली झाली नाही. इथल्यापेक्षा वाईट जागा सापडली नसावी. दालनात तिसऱ्या काचेमागे अस्वानच्या बाजारातलं वाडगं ठेवलंय. लोक त्याचा फोटो काढतात.

पुढच्या हंगामात एका संध्याकाळी मी गच्चीच्या पायरीवर बसलो होतो. वगीह फ्रेंचांना सांगत होता. मला पाहून आवाज थोडा खाली आणला, पण थांबला नाही. म्हणे, याच बोटीवर एक म्हातारा नुबी वाढपी होता. आजीच्या कबरीतलं वाडगं त्याला पेटीत दिसलं. त्याने चांदीला हात लावला नाही. वाडगं तेवढं घेतलं, सात खजूर ठेवले, आणि बुडालेल्या गावावरून बोट जाताना ते पाण्यात सोडलं. बायका डोळे पुसायला लागल्या.

सिराज रिकामे कप गोळा करत फिरत होता. एका बाईने त्याची बाही धरली. तिच्या गालांवर ओघळ होते.

"तुम्ही त्याला ओळखत होता?" तिने विचारलं. वगीहने मान खाली घालून भाषांतर केलं. "त्या बिचाऱ्याचं पुढे काय झालं?"

सिराजने तिच्याकडे पाहिलं, मग वगीहकडे, मग माझ्याकडे.

"अजून कप उचलतोय, मदाम," तो म्हणाला. "तुमचा झाला का?"